मुलांना बागेत नेऊन निसर्ग 'दाखवायचा' कसा? (वय ८ आणि ५)

मीठमिरची (पुणे)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की चिरंजीव तिसरीत आहेत, परिसर अभ्यासात अन्नसाखळी आलीय. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा म्हणेल. मागच्या रविवारी म्हटलं चला, बागेत जाऊन प्रत्यक्षच दाखवू. दोन्ही पोरं (धाकटी पाच वर्षांची), डबे, बाटल्या, पक्ष्यांचं पुस्तक, नवऱ्याची जुनी दुर्बीण असा सगळा लवाजमा घेऊन निघालो आणि काय सांगू. गवत म्हणजे लॉन, त्यावर 'चालू नये' अशी पाटी. नाकतोडा औषधालासुद्धा नाही. बेडूक होता पण सिमेंटचा, तोंडात कचरा टाकायचा असतो तो. घार दिसली एक, पण दुर्बीण फोकस होईपर्यंत ती स्वारगेटला पोचली असेल. मग मी आपली प्रत्येक झाडापाशी थांबून पाटी वाचून दाखवतेय, हा बहावा, हा कडुनिंब, हा अमुक, तर दहाव्या मिनिटाला लेक म्हणाला, "आई, हे पण पाठ करायचंय का?" आणि दोघं घसरगुंडीकडे पसार.

मी स्वतः कॉमर्सवाली, चिमणी कावळा सोडला तर मला पक्षी ओळखू येत नाहीत. दर वेळी ताडोबाला नेणं काही परवडत नाही. साध्या बागेत, टेकडीवर नेऊन पोरांना हे सगळं एकमेकांवर कसं अवलंबून असतं ते कसं कळेल? कोणी केलंय का? मोठमोठी व्याख्यानं नकोत प्लीज, रविवारी सकाळी सात ते नऊ एवढाच वेळ असतो आमच्याकडे.

---

अवखळ

सिमेंटचा बेडूक 😂😂 आमच्याकडे पेंग्विन आहे. पुण्यात पेंग्विन कुठून आला हे मुलीला आजवर समजावता आलेलं नाही.

धागा वाचतोय, चहा घेऊन बसलोय.

---

टेकडीवाला

मीठमिरची ताई, तुमचं काही चुकलं नाही, फक्त एका रविवारी अख्खी बाग उरकायला गेलात. एकच झाड धरा. खरंच एकच. आणि ते उंबर असेल तर तुमची लॉटरी लागली समजा, पुण्यात ओढ्याकाठी, देवळापाशी, जुन्या बागांत कुठेतरी उंबर असतोच.

आम्ही काय केलं ते सांगतो. मुलगा सात वर्षांचा होता. लालसर व्हायला लागलेलं, अजून थोडं घट्ट असलेलं उंबर तोडलं आणि रुमालावर ठेवून चाकूने हळूच मधोमध कापलं. आत बारीक बारीक दाण्यांची दाटी, ती सगळी फुलं. आपण 'उंबराचं फूल' म्हणतो ना कधीच न दिसणाऱ्या माणसाला, ते फूल हे, फळाच्या पोटात. आणि दोनेक मिनिटांत त्यातून मिरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक, काळसर, पंखवाली केंबरं चालत बाहेर आली, पंख साफ केले आणि उडून गेली. पोरगं रुमालाला नाक लावून बसलं होतं. त्याला एवढंच सांगितलं की ह्या माद्या आहेत, दुसऱ्या झाडावरच्या कोवळ्या उंबराला शेंड्याशी बारीक भोक असतं त्यातून आत घुसणार, घुसताना पंख तुटतात, आत अंडी घालणार आणि अंगावरचे पराग फुलांना लावणार. उंबराशिवाय केंबरांना घर नाही आणि केंबरांशिवाय उंबराला बी नाही. नरांना तर पंखच नसतात, ते जन्मतात आतच आणि माद्यांना बाहेर पडायला भोक पाडून मरतात पण आतच. हे ऐकल्यावर पोराने दोन दिवस घरात कोणालाही अंजीर खाऊ दिलं नाही तो भाग वेगळा.

मग त्याच झाडाखाली दर आठवड्याला जायचं. कोण येतं ते बघायचं, बस. बुलबुल, तांबट, कोकीळ, नशीब असेल तर हरियाल (आपला राज्यपक्षी, ही माहिती पोरांना फार आवडते), खाली पडलेल्यांवर मुंग्या आणि खारी. संध्याकाळी उशिरा गेलात तर वटवाघळं. आत्ता फेब्रुवारी आहे, तांबटाचं टुक टुक टुक सुरू झालंच असेल, भांड्याला ठोके घातल्यासारखं. आवाज येतो पण दिसत नाही लवकर, तो शोधण्यातच पोरांचा अर्धा तास जातो.

नावं आली नाहीत तरी चालतं. आमच्याकडे 'मिशीवाला' आणि 'भांडखोर' असे दोन पक्षी वर्षभर होते, नंतर कळलं बुलबुल आणि साळुंकी.

---

बोरिवली_लोकल

अगदी अनुमोदन. आम्ही बोरिवलीकर, नॅशनल पार्क म्हणजे आमचं परसदार, साधारण १०४ चौरस किलोमीटरचं जंगल शहराच्या पोटात, आणि त्याचा पहिला अनुभव काय तर सफारीच्या बसमध्ये लेक झोपली. वाघ दाखवायचा म्हणून नेलं होतं, वाघाआधी झोप आली.

नंतर शहाणपण सुचलं. पार्कवाल्यांच्याच निसर्गफेऱ्या असतात, सोबत माहितगार माणूस असतो, तसं एकदा पावसाळ्यानंतर शिलोंढ्याच्या बाजूला चालत गेलो. रस्त्यावर आडवं पसरलेलं जाळं, सोनेरी झाक असलेलं, मधोमध पायांसकट माझ्या पंजाएवढी कोळीण. त्या दादांनी विचारलं, नवरा कुठाय सांगा. सगळी पोरं शोधतायत. जाळ्याच्या एका कडेला नखाएवढा कोळी, तो नवरा. सगळ्या आया हसायला लागल्या 😄 माझी लेक अजून विचारते की ती त्याला खात का नाही.

आणि २०२४ ला कारवी फुलली होती. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, डोंगरच्या डोंगर एकदम जांभळा, मधमाश्यांचा नुसता गुणगुणाट, आणि मग ती झुडपं वाळून जातात, पुढे बोंडं तडतड फुटून बी उडतं. माझी लेक २०१६ ची, म्हणजे आधीची कारवी फुलली तेव्हा ही पाळण्यात, ही तिने स्वतः बघितली, आणि पुढची २०३२ ला, तेव्हा ती अकरावी-बारावीत. हे गणित तिने स्वतः बोटांवर केलं आणि मग बराच वेळ गप्प होती. पाड्यावरच्या एका मावशींनी तिला घराची भिंत दाखवली, कारवीच्या काठ्या आणि वरून शेणमाती, कुडाची. म्हणजे फूल मधमाशीचं आणि काठी माणसाची.

प्रॅक्टिकल सांगायचं तर सोमवारी पार्क बंद असतं, लोक तरी येऊन गेटवर भांडतात. आणि माकडांना वेफर्स देऊ नका हो. तुमच्या मुलाच्या हातातला डबा ते पुढच्या वेळी मागत नाहीत, घेतात.

ज्यांना बोरिवली लांब पडतं त्यांनी माहीमला, धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र नेचर पार्क बघा. ती आधी कचरा टाकायची जागा होती, डम्पिंग ग्राउंड. आता ३७ एकरांवर झाडी आहे, पलीकडे मिठी नदी. पोरांना फक्त एवढं विचारायचं की कचऱ्यावर जंगल कसं उगवलं, आधी काय आलं असेल? माझ्या लेकीचं उत्तर होतं "माशा". चूक म्हणवत नाही.

---

निवृत्त_मास्तर

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल, राग मानू नये.

पुस्तकातली साखळी पाठ होते कारण ती सरळ रेषेत आहे. बागेत रेषा नसते, सगळा गुंता असतो. मोठे प्राणी शोधायला गेलात तर काही सापडणार नाही, खाली बसा. आमच्या शाळेला जंगल नव्हतं, मागे एक पडकी पडवी होती. त्या पडवीत कोरड्या मऊ धुळीत रुपयाएवढे गोल खळगे असायचे, नरसाळ्यासारखे, तळाशी टोक. पाऊस लागत नाही अशा कुठल्याही जागी असतात, बागेतल्या शेडखाली, बाकाखाली, देवळाच्या ओट्याशी. तळाला मातीत एक किडा लपलेला असतो, विळ्यासारखे दोन जबडे तेवढे वर. मुंगी कडेवरून चालताना पाय घसरला की ती उतारावर धडपडते, आणि हा खालून डोक्याने मातीचा मारा करतो म्हणजे ती आणखी घसरावी. वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर पोराला मी तिथे बसवायचो. अर्धा अर्धा तास गप्प.

मुंगी टाकायची गरज नाही. गवताची बारीक काडी घ्या, खळग्याच्या उतारावरचे दोन कण खाली पाडा, तो मुंगी समजून माती उडवतो. हळूच खालून माती उचलून तळहातावर घेतलात तर दिसेल, चपटा, मातकट, आणि चालतो उलटा, पाठीमागे. पुढे हाच कोष करतो आणि चतुरासारखा पंखवाला होऊन उडून जातो, पोरांना हे पटता पटत नाही.

दुसरं म्हणजे घरातली जुनी चाळणी आणि एक पांढरं फडकं न्या. झाडाखालचा जुना ओलसर पाचोळा, अगदी खालचा थर, चाळून फडक्यावर पाडा. गोगलगायीची पिल्लं, पैसा (तो किडा, हात लावला की गोल गुंडाळी होते), मुंग्या, उडी मारणारे टिंबाएवढे किडे, बुरशीचे पांढरे धागे. मग विचारायचं की मागच्या वर्षी पडलेली पानं गेली कुठे. एवढं विचारून आपण गप्प बसायचं. शिक्षकांना हेच जमत नाही, मलाही पहिली दहा वर्षं जमलं नाही.

फक्त बऱ्याच बागांत सगळा पाचोळा झाडून काढतात आणि कोपऱ्यात पेटवतात. त्यामुळे चकाचक बाग नको, बागेच्या मागची, माळीकाका फारसे फिरकत नाहीत ती बाजू बघा.

---

हिरवळ_२२

मला एक कळत नाही, सगळे चाळण्या आणि किडे काय सांगताय, सरळ अ‍ॅप वापरा की. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला की नाव येतं, मर्लिनला पक्ष्याचा आवाज ऐकवला की तो सांगतो कोण आहे. माझ्या भाच्याने ३ महिन्यांत ९० नोंदी केल्या. आणि पुण्यात टेकड्या केवढ्या हिरव्या आहेत, आत्ता गुलाबी फुलांनी नुसत्या बहरल्यात.

---

टेकडीवाला

@हिरवळ_२२ अ‍ॅप वाईट नाही, मीही वापरतो, पण माझ्या पोराच्या हातात फोन दिला की तो पक्षी बघत नाही, पक्ष्याचं नाव येतंय का ते बघतो. नव्वद नोंदी झाल्या की शंभर कधी होतील याकडे लक्ष. म्हणून आमचा नियम, बागेत फोन आईबाबांच्या खिशात, घरी आल्यावर फोटो टाकायचा.

आणि ती गुलाबी फुलं तुम्ही म्हणताय ना, ते गिरिपुष्प. मूळ मध्य अमेरिकेतलं झाड, टेकड्यांवर हिरवाई करायची म्हणून लावलं, उंदीरमारी पण म्हणतात त्याला, यावरूनच काय ते समजा. ताई, पोरांसाठी एक मस्त खेळ आहे यात. गिरिपुष्पाची पन्नास पानं बघायची आणि उंबर, बोर, बाभूळ असल्या आपल्याकडच्या झाडाची पन्नास पानं. किती पानांना भोकं आहेत, कुरतडल्याच्या खुणा आहेत, अंडी चिकटलीत, ते मोजायचं. भोकं म्हणजे कोणीतरी जेवून गेलंय. ज्या पानाला कोणी तोंड लावलेलं नाही त्या झाडाकडे पाखरू अळी शोधायला कशाला येईल?

---

हिरवळ_२२

हो पण त्याच फुलांवर मी स्वतः शिंजीर बघितलेत, मधमाश्या पण. म्हणजे अगदीच कोणी येत नाही असं नाही.

---

टेकडीवाला

मान्य. ते पण मोजू देत पोरांना. फुलावर कोण आणि पानावर कोण, दोन रकाने.

---

कोकणी_कारटं (मालवण)

तुम्ही पुणेकर बागेत चाळणी घेऊन जा, आमच्याकडे अंगणात पाय ठेवला की अन्नसाखळी स्वतः चालत येते, कधी कधी घरात पण येते 😅

सिरियसली एक सांगतो पण. हौशीने पोरांना झुडपात सोडाल तर आधी खाजकुयली ओळखायला शिका. वेलावर लोंबणाऱ्या शेंगा, मखमली तपकिरी, हात लावावासाच वाटतो, आणि आत्ता जानेवारी ते मार्च त्या वाळलेल्या असतात, वाऱ्याने पण केस उडतात. माझ्या भाचीने 'मांजराचं शेपूट' म्हणून गालाला लावली. रात्रभर घर जागं होतं. चोळायचं नाही अजिबात, कपडे बदलायचे, चिकटपट्टी हलकेच लावून ओढायची म्हणजे केस निघतात, मग धुवायचं. माझ्या आजीचा शेणाचा उपाय होता, तो पण केला, भाची त्याबद्दल जास्त रडली.

---

मीठमिरची

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना थँक्यू. मास्तर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, तो म्हणे आमच्या गावी पण असायचे ते खळगे, आम्ही त्यात थुंकायचो. धन्य.

एकच शंका. पाचोळा, दगड, मागची बाजू म्हणताय, साप बीप? सासूबाईंना कळलं तर रविवारच बंद होईल.

---

बोरिवली_लोकल

फुलपँट, बंद बूट, एक काठी. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, हे पोरांकडून आधी म्हणवून घ्यायचं. दगड उलटायचाच तर मोठ्यांनी, आणि पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली कोणी असलं तर त्याला पलीकडे पळायला वाट मिळते. बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा, ते कोणाचं तरी छप्पर असतं. चाळणीत पाचोळा खुरप्याने घ्या, हाताने नको, विंचू असू शकतो.

सासूबाईंनाच सोबत न्या असं माझं मत. आमच्या सासूबाईंनी झाडाच्या खोडावरचं दगडफूल ओळखलं, गोड्या मसाल्यात घालतो तेच, आणि पोरीला हुंगायला दिलं. ते बुरशी आणि शेवाळ मिळून एकत्र राहतात हे मी नंतर वाचून सांगितलं, पण वासाने जे काम केलं ते माझ्या माहितीने नाही केलं.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडं आत्ता पळस फुलून राह्यला. खाली बसून फक्त पाहा, किती पाखरं येतात ते. फुलात वाकून रस पितात अन् कपाळ पिवळं करून घेतात. पोरगं म्हणे, "बाबा, याची होळी आधीच झाली."

---

मीठमिरची

अपडेट द्यायला आले, तीन रविवार झाले.

उंबर सापडला, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर ओढ्याच्या पुलाशी, मी रोज तिथून स्कूटर नेते, सहा वर्षांत वर बघितलं नव्हतं. पहिलं उंबर कापलं ते कच्चं निघालं, दुसरं रिकामं, केंबरं आधीच उडून गेलेली, वर ते बाहेर पडायचं भोक. मी म्हटलं संपलं, आता हे पळणार घसरगुंडीकडे. तर लेक म्हणाला, "म्हणजे आपण उशिरा आलो, उद्या लवकर येऊ." शाळेच्या दिवशी, सकाळी सहाला. नवरा घेऊन गेला, मी नाही. आणि त्यांना दिसली. मला नाही दिसली, याचं मला अजून वाईट वाटतंय.

पण खरी मजा बागेत झाली, त्याच सिमेंटच्या बेडकाच्या बागेत. सासूबाई बाकावर बसल्या होत्या (हो, नेलं त्यांना), त्यांच्याच पायाशी, शेडच्या कडेला, मास्तर तुमचे ते खळगे. एक नाही, सतरा. लेकाने मोजले. काडीने माती पाडली तर आतून फुर्रकन उडाली, तो दचकून मागे पडला. मग अर्थात त्याला मुंगी टाकायचीच होती, मी नको म्हणेपर्यंत टाकली पण. धाकटीने बघितलं आणि भोकाड पसरलं, काडी घालून मुंगीला बाहेर काढलं. याने परत टाकली. तिने परत काढली. तिसऱ्यांदा दोघांची मारामारी, "ती मरेल", "अगं मग त्याने काय खायचं, तो सकाळपासून उपाशी बसलाय". सासूबाई शांतपणे म्हणाल्या की तुम्ही दोघं बाजूला व्हा, तिचं ती आणि त्याचं तो बघून घेईल. मग पाऊण तास तिघंही तिथेच बसून, मी डबा उघडला तरी कोणी आलं नाही. एक मुंगी निसटली, एक गेली. गेलेली मुंगी खाऊन झाल्यावर त्याने तिचं टरफल बाहेर भिरकावलं तेव्हा धाकटी म्हणाली, "ताट टाकलं त्याने."

लेकाने घरी येऊन परिसर अभ्यासाच्या वहीत मागच्या पानावर साखळी काढलीय. बिस्किट, मुंगी, खड्डेवाला, आणि पुढे बाण काढून प्रश्नचिन्ह. मास्तर, खड्डेवाल्याला कोण खातं? मी माहीत नाही म्हटलं तर त्याला आनंदच झाला. रविवारी सहालाच जायचं म्हणतोय.

खाजकुयलीचा फोटो टाका कोणीतरी प्लीज, सासूबाई प्रत्येक वेलाकडे संशयाने बघतायत.

---

अवखळ

सिमेंटचा बेडूक. तो काहीही खातो.